मे महिन्यातली मुंबई आणि २०० वॅटचं ग्राफिक कार्ड: दहा महिन्यांच्या वापरानंतर

आधी जोडणी सांगतो. कार्ड आरटीएक्स ३०६० टीआय, दोन फॅनवालं, कागदोपत्री २०० वॅट. प्रोसेसर रायझन ५ ५६००. कॅबिनेट मिड टॉवर, समोर जाळी. पुढून हवा आत ओढणारे १२० मिमीचे तीन फॅन, मागून बाहेर फेकणारा एक, आणि नंतर एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) झाकणावर, कार्डाच्या बरोबर पोटाखाली बसवलेले दोन. सगळे चार पिनचे पीडब्ल्यूएम (वेग कमी-जास्त करता येणारे), १८०० आरपीएमपर्यंत जाणारे. खोली दहा बाय बारा, एसी नाही, छताला पंखा. सप्टेंबर ते जून असा वापर झाला, म्हणजे ऑक्टोबर हीट, थंडीचे मोजके दिवस, मे आणि पहिला पाऊस हे सगळं त्यात आलं.

कुणाचं कार्ड ६२ अंशांवर चालतं हे वाचून जीव खालीवर करून घेऊ नका. त्याच्या खोलीत २० अंश असतील. मे महिन्यात मुंबईत दुपारचं कमाल तापमान ३३-३४ च्या घरात असतं आणि बंद खोली रात्री अकरालाही ३१ वरून हलत नाही. म्हणून कार्डाचा नुसता आकडा बघायचा नाही, कार्ड वजा खोली हा फरक बघायचा. साधा डिजिटल थर्मामीटर पुढच्या जाळीसमोर वीतभर अंतरावर ठेवा. मागे ठेवलात तर तो कॅबिनेटची गरम हवाच मोजत बसेल. फॅन कितीही लावले तरी कार्डाला खोलीपेक्षा थंड हवा मिळणार नाही. खोलीची हवा न तापता कार्डापर्यंत पोचवणं एवढंच त्यांचं काम.

मोजणी दर वेळी एकाच पद्धतीने केली: सायबरपंक २०७७ हा गेम, तीच जागा, तीच सेटिंग, अर्धा तास, आणि शेवटच्या पाच मिनिटांतलं एचडब्ल्यूइन्फो६४ या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं वाचन. पाच मिनिटं खेळून आकडा लिहून ठेवण्यात अर्थ नाही, कॅबिनेटचा पत्रा आणि आतली हवा तापायलाच वीस मिनिटं जातात. फरमार्क हे ताण-चाचणीचं सॉफ्टवेअरही नको. तो कार्डाला असा राबवतो जसा कुठलाच गेम राबवत नाही.

सुरुवात वाईट होती. आधीचं कॅबिनेट समोरून अखंड काचेचं, आत रंगीबेरंगी तीन फॅन, आणि हवेला वाट म्हणून काचेच्या कडेने बोटभर फट. दिसायला झकास. खोली ३१, कार्ड ८३, हॉटस्पॉट (चिपचा सर्वात गरम बिंदू) ९७. फरक ५२. या चिपच्या कोअरची, म्हणजे त्या ८३ च्या आकड्याची, कमाल मर्यादा ९३ आहे, त्यामुळे जळण्याची भीती नव्हती. पण एनव्हिडियाचं बूस्ट (चिपचा वेग आपोआप ठरवणारी सोय) तापमान चढेल तसा क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, पंधरा-पंधरा मेगाहर्ट्‌झने उतरवत जातं, आणि ८३ च्या आसपास हात जास्तच आखडता घेतं. शिवाय कार्डाचे स्वतःचे फॅन मिक्सरसारखे ओरडत होते.

काहीही विकत घेण्याआधी एक चाचणी करा, फुकट आहे. गेम चालू असताना बाजूचं झाकण काढा आणि दहा मिनिटं थांबा. कार्ड पाच अंशांपेक्षा जास्त उतरलं तर दोष कॅबिनेटच्या हवेत आहे, फॅन आणि जाळीवर खर्च करा. एक-दोन अंशच उतरलं तर कॅबिनेट निर्दोष आहे. मग कार्डाची धूळ, पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) किंवा वॅट बघा, नवे फॅन घेऊन काही होणार नाही. काचेच्या कॅबिनेटमध्ये झाकण काढताच ८३ चे ७३ झाले. दहा अंश नुसत्या गुदमरण्याचे.

पुढची पायरी जाळीचं कॅबिनेट, पुढे तीन, मागे एक. खोली तीच ३१, कार्ड ७४. फरक ४३. मग खालचे दोन फॅन लावले आणि ७१ झालं. हे तीन अंश स्वस्त पडले, कारण साधा पीडब्ल्यूएम फॅन हजाराच्या आत येतो. पण एसएमपीएसच्या झाकणाला वर तोंड करून जाळी आणि एसएमपीएसच्या पुढे मोकळी जागा असेल तरच. झाकण बंद पत्र्याचं असेल तर ते दोन फॅन एकमेकांचीच हवा खातात.

थोडं गणित. गेम खेळताना ही मशीन साधारण ३०० वॅट उष्णता सोडते. आतून जाणारी हवा १० अंशांनीच तापू द्यायची तर मिनिटाला सुमारे ५५ घनफूट हवा लागते, ५ अंशांनीच तापू द्यायची तर ११०. बाजारातल्या बऱ्याच १२० मिमी फॅनच्या डब्यावर ५०-५५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) लिहिलेलं असतं, पण ते मोकळ्या हवेतलं. जाळी आणि धुळीचा फिल्टर मध्ये आला की त्यातलं निम्मं उरलं तरी नशीब. तरीही पुढचे तीन फॅन मध्यम वेगावर हे काम उरकतात. म्हणून वर आणखी तीन लावायला सांगणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. वर, पुढच्या बाजूला बाहेर फेकणारा एक फॅन लावूनही पाहिला: कार्डात शून्य फरक, प्रोसेसर उलट एक अंश वर. पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आतच तो ओढून घेतो. काढून टाकला. फॅन घेताना सीएफएमइतकाच स्टॅटिक प्रेशरचा, म्हणजे अडथळ्यातून हवा ढकलायच्या जोराचा, आकडा बघा. जाळीमागे तोच कामाला येतो.

हवा नेमकी कुठून कुठे जाते हे बघायला अगरबत्तीसारखं साधन नाही. छताचा पंखा बंद करा, खिडकी लावा, पेटती अगरबत्ती कॅबिनेटच्या कडेकडेने हळूहळू फिरवा. पुढच्या जाळीपाशी धूर सरळ आत ओढला जायला हवा, मागे सरळ बाहेर. इथे एक गोष्ट सापडली जी एरवी कधीच कळली नसती. पुढचे तीन फॅन आणि पुढचं पॅनेल यांच्यामध्ये दोन सेंटिमीटरची पोकळी होती, आणि सर्वात वरच्या फॅनच्या वर पत्र्याला एक लांबट रिकामी खाच. अगरबत्ती आतल्या बाजूने त्या खाचेजवळ नेली की धूर पुढे खेचला जायचा, पोकळीतून खाली उतरायचा आणि फॅन तोच पुन्हा आत घ्यायचा. म्हणजे कार्डाने ओकलेली गरम हवा गोल फिरून परत कार्डालाच. खाचेवर जाड पुठ्ठा कापून टेपने चिकटवला, फॅनच्या चौकटीभोवती खिडकीला लावतात तसली फोमची पट्टी लावली. दोन अंश उतरले, खर्च चहाएवढा. धूर मात्र दोन मिनिटांपेक्षा जास्त नको, त्याचा चिकटा फिल्टरवर बसतो.

दुसरा शोध टेबलाचा. मुंबईच्या घरात जागेअभावी कॅबिनेट बहुतेक वेळा कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यात कोंबलेलं असतं, मागे प्लायवूड. तिथे ठेवल्यावर कार्ड सहा अंशांनी वर. मागून निघालेली हवा प्लायवर आपटते, वरून पुढे येते आणि जाळीत शिरते. सुताराकडून मागचं प्लाय कापून घ्या, किंवा कॅबिनेट बाहेर काढा. भिंतीपासून निदान पंधरा सेंटिमीटर. जमिनीवर थेट नको, झाडू फिरला की उडालेली सगळी धूळ खालच्या फॅनच्या तोंडात. जेवायचा जुना पाट खाली सरकवला तरी पुष्कळ, फक्त एसएमपीएसचं खालचं तोंड पाटाने झाकलं जात नाही ना हे पाहा.

फॅन बसवताना होणारी चूक म्हणजे उलटं तोंड. ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या पट्ट्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. उलट्या पात्यांचे दिखाऊ फॅन याला अपवाद, त्यांच्यावरचा बाण बघा. मदरबोर्डच्या एका हेडरवर (फॅनची वायर लावायच्या पिनांवर) साधारण १ अँपिअरची मर्यादा असते. साधा फॅन ०.१ ते ०.२ अँपिअर घेतो, म्हणून स्प्लिटरवर (एका हेडरला अनेक फॅन जोडणाऱ्या वायरवर) तीन सहज चालतात. त्याहून जास्त असतील तर एसएमपीएसच्या साटा वायरवरून वीज घेणारा हब घ्या. तीन पिनचा आणि चार पिनचा फॅन एकाच स्प्लिटरवर मिसळू नका, त्यातला तीन पिनचा कायम पूर्ण वेगाने पळत राहील.

आता वेगाचा मुद्दा, जो बहुतेकांकडून राहून जातो. बायोसमधला (मदरबोर्डच्या सेटिंगमधला) फॅन कर्व्ह, म्हणजे कोणत्या तापमानाला किती वेग हे ठरवणारी रेषा, बहुधा प्रोसेसरच्या तापमानावर चालतो. गेममध्ये प्रोसेसर ६० वर निवांत आणि कार्ड ७५ वर घामाघूम, त्यामुळे कॅबिनेटचे फॅन झोपेत. फॅन कंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका आणि पुढचे व खालचे फॅन कार्डाच्या तापमानाला बांधा. इथे बसलेले आकडे: ४५ अंशांपर्यंत ३५ टक्के, ६० ला ५०, ७० ला ६५, ८० ला १००. हिस्टरेसिस, म्हणजे वेग बदलण्याआधी तापमानात लागणारा फरक, ३ अंश ठेवा, नाहीतर फॅन सतत वर-खाली होतात आणि तो आवाज एकसारख्या आवाजापेक्षा जास्त डोकं उठवतो. मागचा फॅन प्रोसेसरवरच राहू द्या. प्रत्येक फॅन एखाद्या वेगाला गुणगुणतो. तो वेग शोधून कर्व्हमधून वगळा.

मुंबईतली खास कटकट म्हणजे कार्डाचा झिरो फॅन मोड. कार्ड साधारण ५०-५५ च्या खाली असताना त्याचे फॅन बंद राहतात. उन्हाळ्यात नुसता ब्राउझर उघडला तरी कार्ड नेमकं त्याच रेषेवर लोंबकळतं आणि फॅन दर मिनिटाला चालू-बंद होतात. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये कायम ३० टक्के वेग लावून टाका. ऐकूही येत नाही.

इतकं करून फरक ५२ वरून ३८ वर आला. इथून पुढे हवा काही देत नाही. उरलेली उष्णता कार्ड मुळात तयारच करतं, ती कमी करायची तर वॅट कमी करा, म्हणजे अंडरव्होल्ट, चिपला कमी व्होल्टेजवर चालवणं. माझ्या मते मुंबईत फॅनच्या आधी हेच करायला हवं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेज आणि क्लॉकचा कर्व्ह उघडा. कोअर क्लॉकची पट्टी २९० च्या आसपास खाली ओढून लागू करा. मग ९०० मिलिव्होल्टचा ठिपका उचलून १८१५ मेगाहर्ट्‌झवर ठेवा, पुन्हा लागू करा. उजवीकडची रेषा सपाट झाली की जमलं. वीज २०० वरून १५५ वॅटवर, कार्ड ६४ वर, फ्रेम्समध्ये तीन-चार टक्क्यांची घट, जी डोळ्याला दिसत नाही. रे ट्रेसिंगवाला (प्रकाशाचा हिशोब करणारा, कार्डाला जड) गेम तासभर चालवून पाहा. मध्येच बंद पडला तर क्लॉक तीस मेगाहर्ट्‌झने खाली घ्या. विंडोजबरोबर आपोआप लागू व्हायची खूण आठवडाभर तपासल्यावरच करा. हेही झेपत नसेल तर पॉवर लिमिट ८० टक्के करा, एक पट्टी सरकवण्याचं काम. आणि मॉनिटर ७५ हर्ट्‌झचा असेल तर फ्रेम्स ७५ लाच रोखा. न दिसणाऱ्या फ्रेम्ससाठी खोली कशाला तापवायची? तशीही ३०० वॅटची मशीन बंद खोलीत दोन तास चालली की खोलीच दोन-तीन अंश चढते. दार-खिडकी उघडून छताचा पंखा लावणं हासुद्धा एअरफ्लोच.

दमट हवेमुळे कार्ड जास्त तापतं हा गैरसमज आहे. घाम आपल्याला येतो, हीटसिंकला (चिपवरच्या उष्णता शोषणाऱ्या धातूला) नाही. त्याला फक्त हवेचं तापमान कळतं. पण म्हणून पाण्याचा कूलर कॅबिनेटसमोर लावू नका. मुंबईच्या हवेत तो फारसं थंड करत नाही, ओल मात्र थेट आत ढकलतो. दमटपणाचा खरा त्रास धुळीत आहे. कोरड्या गावची धूळ फुंकरीने उडते, इथली फिल्टरवर लोण्यासारखी थापली जाते. पावसाळ्यात आणि आसपास बांधकाम चालू असेल तर दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याला फिल्टर काढायचा. तीन आठवडे टाळलं तर कार्ड तीन अंश वर गेलेलं दिसतं. कार्डाची धूळ ब्लोअरने काढताना त्याचा फॅन बोटाने धरून ठेवा, मोकळा भिरभिरला तर बेअरिंग जातं. वरळी, वांद्रे, वर्सोवा असं समुद्राकडे तोंड असलेलं घर असेल तर मागच्या स्लॉटचे स्क्रू आणि पट्ट्या गंजतात. वर्षाला एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, ते सगळं उघडून बघा.

हॉटस्पॉट आणि कोअर यांच्यात दहा-पंधरा अंशांचं अंतर ठीक. वीसच्या वर जायला लागलं तर पेस्ट सुकली किंवा बाजूला सरकली समजा. वॉरंटी उरली असेल तर कार्ड उघडण्याआधी त्या कंपनीचे नियम वाचा. संपली असेल तर मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, पेस्ट आणि पॅड (उष्णता वाहणाऱ्या मऊ पट्ट्या) दोन्ही मिळतात, पण पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून जा. अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड लागला की हीटसिंक चिपला नीट टेकत नाही आणि तापमान आधीपेक्षा वाईट होतं.

फिल्टर धुतला तर जुलैत तो तासाभरात वाळेल अशी आशा ठेवू नका. पाणी झटकून रात्रभर छताच्या पंख्याखाली टांगा. तोवर खेळायचं असेल तर फिल्टरशिवाय खेळा, एका रात्रीत काही बिघडत नाही. ओली जाळी मात्र फॅनसमोर लावू नका.