पीटीएफ-एलसी3 प्लाझ्मिड: नागपूरच्या प्रयोगशाळेत घ्यावं का?

कॅन्सर पेशींच्या चयापचयावर काम करणाऱ्या लहान प्रयोगशाळेला ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचेच घटक पचवणं) मोजायची असेल, तर आमच्या मते पहिली मागणी अ‍ॅडजीन या प्लाझ्मिड पुरवणाऱ्या संस्थेकडच्या पीटीएफ-एलसी3 या प्लाझ्मिडची (पेशीत जनुक नेणाऱ्या डीएनएच्या वर्तुळाची) नोंदवावी. क्रमांक 21074. जपानच्या तामोत्सु योशिमोरी यांच्या गटाने ते 2007 मध्ये मांडलं.

यात ऑटोफॅगोसोमला (पचवायचा माल गुंडाळणाऱ्या पिशवीला) चिकटणाऱ्या एलसी3 प्रथिनाला लाल आणि हिरवी अशी दोन चमकणारी प्रथिनं जोडलेली आहेत. हिरवं आम्लात विझतं, लाल टिकतं. त्यामुळे ऑटोफॅगोसोमचा ठिपका दोन्ही रंग मिळून पिवळा दिसतो आणि तो लायसोसोमला (पेशीतल्या आम्ल भरलेल्या पाचक पिशवीला) मिळाला की नुसता लाल उरतो. खरी किंमत इथेच आहे. नुसत्या हिरव्या एलसी3 मध्ये ठिपके वाढले, तर ऑटोफॅजी वाढली की पुढची वाट तुंबली, हे कळत नाही. क्लोरोक्विन दिल्यावरही ठिपके वाढतात, आणि ते तर वाट अडवणारं औषध!

नागपूरसाठी आणखी एक जमेची बाजू म्हणजे पार्सलला ड्राय आइस लागत नाही. हे प्लाझ्मिड असलेले जिवाणू अगारच्या छोट्या नळीत, साध्या तापमानाला येतात. तरीही नवतप्यात मागवू नका. 45 अंशांत तापलेल्या डिलिव्हरीच्या गाडीत नळी दिवसभर पडून राहिली, तर जिवाणू मरू शकतात. पावसाळा सुरू झाल्यावर किंवा थंडीत मागवा. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आणि साहित्य हस्तांतरण करारावरची सही आधी मिळवून ठेवा. करारानुसार ही नळी परस्पर दुसऱ्या प्रयोगशाळेला देता येत नाही, त्यांनी स्वतः मागवायची.

नळी आली की त्याच दिवशी 50 मायक्रोग्रॅम प्रति मिली कॅनामायसिन या अँटीबायोटिकच्या प्लेटवर रेघा ओढा आणि 37 अंशांवर रात्रभर ठेवा. नळीतलं थेट द्रव माध्यमात टाकायचा मोह टाळा. एकच सुटी वसाहत 5 मिली माध्यमात 12 ते 16 तास वाढवा. त्यातलं 500 मायक्रोलिटर आणि 40 टक्के ग्लिसरॉल 500 मायक्रोलिटर मिसळून उणे 80 मध्ये दोन नळ्या ठेवा, जमल्यास दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये. त्यानंतर पुन्हा मागवायची गरज पडत नाही. दरवर्षी नवी अँटीबॉडी घेण्याच्या तुलनेत हा मोठाच फायदा.

चुका होतात त्या पुढच्या टप्प्यात, म्हणजे जिवाणूंतून काढलेला डीएनए पेशींत घालताना (ट्रान्सफेक्शन). 24 खळग्यांच्या प्लेटमध्ये खळग्यामागे 0.5 मायक्रोग्रॅम डीएनए पुरतो. जास्त टाकलं की एलसी3 चे गोळे होतात आणि ते ठिपक्यांसारखेच दिसतात. म्हणून फिकट चमकणाऱ्या पेशीच मोजा, झगमगणाऱ्या सोडून द्या. ट्रान्सफेक्शननेही ऑटोफॅजी चेतवते, तेव्हा औषध देण्याआधी 24 ते 48 तास थांबा.

चयापचयाचा प्रयोग असेल तर माध्यमाकडे फार बारकाईने पाहा. नेहमीच्या हाय-ग्लुकोज डीएमईएम या पेशी वाढवायच्या माध्यमात 25 मिलिमोलर ग्लुकोज असतं, उपाशीपोटी रक्तातल्यापेक्षा सुमारे पाचपट. उलट, दाट वाढलेल्या पेशी लॅक्टेट सोडून माध्यम पिवळं करतात, ग्लुटामिन संपवतात, आणि तुमचा ‘कंट्रोल’ आधीच उपाशी झालेला असतो. पेशी 60 ते 70 टक्के भरलेल्या असाव्यात आणि माध्यम आदल्या रात्री बदललेलं असावं.

प्रत्येक वेळी किमान चार गट ठेवा: साधा, ईबीएसएस या अमिनो आम्लं नसलेल्या क्षारद्रावात 2 ते 4 तास उपाशी, आणि या दोन्हींत शेवटचे 2 तास 100 नॅनोमोलर बॅफिलोमायसिन (लायसोसोममध्ये आम्ल साठू न देणारं औषध). बाकी गटांना तेवढंच डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतात तो द्रव) द्या. बॅफिलोमायसिनने पिवळे ठिपके वाढले नाहीत, तर त्या दिवसाचे आकडे वापरू नका.

शक्यतो जिवंत पेशींचेच फोटो घ्या, फिनॉल रेड हा रंग नसलेल्या माध्यमात. पेशी स्थिर करून 7.4 पीएचच्या द्रावात ठेवल्या की लायसोसोममधलं आम्ल जातं, विझलेला हिरवा पुन्हा उजळतो आणि लाल ठिपके खोटे पिवळे होतात. सर्वांत जास्त निकाल इथे फसतात. 60 किंवा 63 पट तेलाची लेन्स लागते. आणि मायक्रोस्कोपच्या खोलीत कूलर कधीच लावू नका, त्या ओलाव्याने लेन्सवर बुरशी धरते. एसीच हवा.

एक मर्यादा मात्र मान्य करावी लागेल. तपासायचं औषध स्वतःच लायसोसोमचं आम्ल कमी करत असेल, तर मीलन होऊनही ठिपका पिवळाच राहतो. अशा औषधांसाठी पी62 (ऑटोफॅजीत पचणारं प्रथिन) आणि एलसी3-2 (एलसी3 चं ऑटोफॅगोसोमला चिकटलेलं रूप) यांचा वेस्टर्न ब्लॉट (अँटीबॉडीने प्रथिन मोजणं), बॅफिलोमायसिनसह आणि त्याशिवाय, सोबत करावाच लागतो.