शंभराचे शंभर : दर्शनी मूल्याच्या चांदीच्या नाण्यांची फसवणूक

कॅनडाच्या टांकसाळीने काढलेली चांदीची स्मारक नाणी ‘बँकेत न्या आणि शंभराचे शंभर मोजून घ्या’ अशा बोलीवर कॅनडातल्याच आमच्या ओळखीच्या वर्तुळात विकली गेली आणि त्यात माझ्यासह अनेक कुटुंबांचे पैसे बुडाले. विकणाऱ्याने दाखवलेली जवळजवळ सगळी कागदपत्रे खरी होती, नाणी खरी होती आणि त्यांतली चांदीही खरी होती. बनावट नाणे ओळखण्याच्या नेहमीच्या युक्त्या, म्हणजे वजन, व्यास, चुंबक, आवाज, इथे काहीच कामाच्या नाहीत. म्हणूनच हा प्रकार तपशिलाने लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

ज्यांना या नाण्यांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. २०११ साली रॉयल कॅनेडियन मिंटने २० डॉलर दर्शनी मूल्याचे ९९.९९ टक्के शुद्ध चांदीचे नाणे २० डॉलरलाच विकायला काढले. स्मारक नाणे नेहमी दर्शनी मूल्याच्या कित्येक पट किमतीला विकले जाते. इथे मात्र जेवढा आकडा नाण्यावर, तेवढीच किंमत. ही कल्पना लोकांना इतकी आवडली की पुढे ५०, १०० आणि २०० डॉलरची नाणीही याच पद्धतीने निघाली. १०० डॉलरच्या नाण्यांची सुरुवात २०१३ मध्ये बायसनचे (तिथल्या रानगव्याचे) चित्र असलेल्या नाण्याने झाली. चांदी महागली तर नफा आणि घसरली तरी दर्शनी मूल्य कुठे जात नाही, असा हिशेब घेणाऱ्याच्या मनात असे, आणि कागदावर तो चुकीचाही नव्हता.

पण टांकसाळीच्या बाजूचा हिशेबही पाहावा लागतो. २० डॉलरच्या नाण्यात चांदी जेमतेम ७.९६ ग्रॅम, म्हणजे पाव औंसाहून किंचित जास्त (चांदी ट्रॉय औंसात मोजतात, तो सुमारे ३१.१ ग्रॅमचा). १०० डॉलरच्या नाण्यात सुमारे ३१.६ ग्रॅम, म्हणजे एक ट्रॉय औंस आणि वर थोडी. एप्रिल २०११ मध्ये चांदी औंसाला अमेरिकेच्या ५० डॉलरच्या जवळ गेली होती. २०१५ संपता संपता ती १४ डॉलरच्या आसपास आली. त्या भावाने १०० डॉलरच्या नाण्यातल्या चांदीची किंमत कॅनडाचे जेमतेम २० डॉलर भरत होती. नाणे घेणाऱ्याच्या कपाटात पडून राहिले तर उरलेली रक्कम टांकसाळीच्या पदरात, आणि बँकेमार्फत पूर्ण दर्शनी किमतीला परत आले तर तोटा. परत येऊ शकणाऱ्या या नाण्यांपोटी टांकसाळीला आपल्या वार्षिक ताळेबंदात देणे दाखवावे लागते, यावरून हा प्रश्न किती मोठा झाला असेल याची कल्पना येते. क्रेडिट कार्डावर नाणी घेऊन त्यावरचे पॉइंट मिळवायचे आणि नाणी सरळ बँकेत भरायची, असा उद्योग अनेकांनी केल्यावर बँकांनाही ही नाणी नकोशी झाली. ब्रिटनमध्ये २०१३ पासून अशीच २० पौंडांची आणि नंतर १०० पौंडांची नाणी निघाली होती, आणि २०१६ मध्ये तिथल्या बँकांनी ती घेण्यास नकार दिल्यावर तिकडच्या संग्राहकांचीही हीच गत झाली.

आमचा विक्रेता हे सगळे आमच्यापेक्षा चांगले जाणत होता. एका स्नेह्याच्या ओळखीने तो आला, मराठी बोलणारा, वयाने मोठा, अत्यंत सौम्य. एका वृद्ध संग्राहकाचा संग्रह वारसांनी आपल्याकडे विकायला दिला आहे, असे त्याने सांगितले. दर्शनी मूल्याच्या साधारण ८८ टक्के भावाने तो नाणी देत होता. बँक शंभर देत असेल तर हा माणूस अठ्ठ्याऐंशीला का विकतो, हा प्रश्न प्रत्येकाने विचारला, मीही विचारला, आणि त्याचे उत्तर तयार होते : “दादा, दहा हजारांच्या वर रोख एका खात्यात भरली की बँकेला सरकारला कळवावं लागतं. वारस चौघं, त्यांचं आपसांत पटत नाही. त्यांना ती कटकट नको आहे. तुम्ही थोडी थोडी भरा, तुम्हाला कोण विचारणार?” दहा हजार डॉलर किंवा त्याहून अधिक रोख भरल्यास बँक ते आर्थिक गुप्तवार्ता विभागाला कळवते, हे अगदी खरे आहे. पण असे कळवल्याने कुणावर कर बसत नाही की कुणाचे पैसे अडकत नाहीत. कायद्याने मिळवलेल्या पैशाला त्याची काही बाधा नाही. एका खऱ्या नियमाला खोटी भीती चिकटवून त्याने सवलतीचे कारण उभे केले होते. शिवाय त्या उत्तरात आपण काहीतरी हुशारीने साधतो आहोत अशी एक गुदगुल्या करणारी सूचना होती, आणि माझ्या मते सवलतीपेक्षा तिनेच अधिक लोकांना ओढले.

त्यानंतरचे प्रात्यक्षिक तर बिनतोड होते. इच्छुक ग्राहकाला तो स्वतःच्या बँकेच्या शाखेत बरोबर नेई, १०० डॉलरचे एक नाणे काउंटरवर ठेवी, आणि तिथला कर्मचारी ते आत कुणाला तरी दाखवून त्याच्या खात्यात शंभर डॉलर जमा करी. पावती लगेच हातात. त्यात नाटक काहीही नव्हते. जुन्या खातेदाराचे एखादे नाणे शाखा सौजन्य म्हणून घेते, आणि हे सौजन्य नाण्यांच्या थैलीला लागू होत नाही, एवढेच त्याने सांगितले नाही.

याबाबतचा कायदा मी पैसे गेल्यावर मुळातून वाचला, आणि तो फार थोड्या संग्राहकांनी वाचलेला असतो असा माझा अनुभव आहे. कॅनडाच्या चलन कायद्याच्या आठव्या कलमात प्रत्येक प्रकारच्या नाण्याने किती रक्कम चुकती करता येते याची मर्यादा घातलेली आहे : एक डॉलरच्या नाण्यांनी २५ डॉलरपर्यंत, दोन ते दहा डॉलरच्या नाण्यांनी ४० डॉलरपर्यंत. दहा डॉलरहून मोठ्या दर्शनी मूल्याच्या नाण्यांना तर एका भरण्यात फक्त एकच नाणे कायदेशीर चलन ठरते. म्हणजे १०० डॉलरची दहा नाणी हजार डॉलर म्हणून पुढे केली तर नऊ नाण्यांपुरता कायदा आपल्या बाजूने उभाच राहत नाही. आणि त्या एका नाण्याचीही दुकानदारावर सक्ती नाही. कोणत्या प्रकारे पैसे घ्यायचे हे ठरवण्याची मुभा त्याला आहे. नाण्याची दर्शनी किंमत सरकार नाकारत नाही, पण ती ठरावीक खिडकीवर, ठरावीक दिवशी, हव्या तितक्या संख्येने देण्यास तुमच्या बँकेची शाखा बांधलेली नाही. आमच्या विक्रेत्याचा सगळा व्यवसाय या दोन गोष्टींमधल्या फटीत बसलेला होता.

एवढ्यावर भागले असते तर नुकसान मर्यादित राहिले असते. गठ्ठ्यांत त्याने आणखी एक सरमिसळ केलेली होती, आणि ती उघड व्हायला वेळ लागला. टांकसाळ २० डॉलर दर्शनी मूल्याची दुसरी एक जात काढते : प्रूफ पद्धतीने (संग्राहकांसाठी खास, आरशासारख्या चकाकीने) घडवलेली, बहुधा एक औंसाची, रंगीत चित्रांची, लाकडी वा मखमली पेटीतली. ती तेव्हा मुळातच नव्वद-शंभर डॉलरच्या घरात विकली जात. ‘दर्शनी मूल्याला विकलेले’ २० डॉलरचे नाणे २७ मिलीमीटरचे आणि आठ ग्रॅमच्या आतले. ही पेटीतली नाणी बहुतेक ३८ मिलीमीटरची आणि ३१ ग्रॅमच्या वरची. दोन्हींवर आकडा २० च, दोन्हींवर तेव्हा राणीची छबी. विक्रेता छोटी नाणी आकड्यानुसार मोजी आणि मोठी नाणी टांकसाळीच्या छापील विक्रीपत्रकातल्या किमतीनुसार, आणि त्या एकत्रित बेरजेवर बारा टक्के सूट देई. वजनदार, देखणे नाणे हातात आल्यावर ते छोट्या नाण्याइतक्याच वीस डॉलरला परत जाईल असे कुणाच्या मनातही येत नाही. माझ्या गठ्ठ्याच्या किमतीचा निम्म्याहून अधिक भाग अशा नाण्यांचा होता, आणि त्यांचे दर्शनी मूल्य मोजलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्श्यालाही पुरत नव्हते. नाणेविक्रेत्यांकडे गेलो तेव्हा त्यांनी शांतपणे चांदीच्या मोडीचा भाव सांगितला. पेटीचे, चित्राचे आणि प्रमाणपत्राचे त्यांच्या लेखी मोल शून्य होते.

यापुढचा टप्पा मला सगळ्यांत निर्दय वाटतो. बँकांनी नाणी नाकारल्याचे लोकांनी विक्रेत्याला कळवायला सुरुवात केल्यावर त्याने वाद घातला नाही, दिलगिरी व्यक्त केली. काही आठवड्यांनी एका तिसऱ्याच माणसाचे इंग्रजीत फोन येऊ लागले. आपण टांकसाळीकडून मोठ्या संख्येने नाणी वटवून देणारे अधिकृत मध्यस्थ आहोत. नाणी तपासणीसाठी आमच्या पत्त्यावर पाठवा, विम्याचे आणि तपासणीचे शुल्क आगाऊ भरा, पूर्ण दर्शनी रक्कम खात्यात येईल, असे तो सांगे. कोणाकडे किती आणि कोणती नाणी आहेत, याची यादी त्याला नाण्यागणिक पाठ होती. ती यादी विक्रेत्याखेरीज कुणाकडे असण्याचे कारण नव्हते. आमच्यातल्या एका निवृत्त जोडप्याने शुल्कही भरले आणि नाणीही पाठवली. दोन्ही परत आले नाही. वास्तविक टांकसाळीशी थेट पत्रव्यवहार करणे कुणालाही शक्य आहे, आणि ती नाणी घेणार की नाही, किती घेणार, कोणत्या अटींवर, हे तिच्याकडूनच लेखी मिळवता येते. त्या कामासाठी आगाऊ पैसे मागणाऱ्या माणसाशी बोलणे तिथेच थांबवावे.

ज्यांच्याकडे अशी नाणी आधीच आहेत त्यांनी ती घाईने मोडीत घालू नयेत. २० डॉलरच्या छोट्या नाण्यात दर डॉलरमागे चांदी मोठ्या नाण्यांपेक्षा जास्त आहे : औंसाचा भाव कॅनडाच्या ७८ डॉलरच्या पुढे गेला की त्यातली चांदीच वीस डॉलरहून महाग होते, तर १०० आणि २०० डॉलरच्या नाण्यांसाठी हाच आकडा ९८ च्या वर आहे. त्या भावाखाली दर्शनी मूल्य हाच त्यांचा आधार, म्हणून ती एकेक करून, स्वतःचे खाते असलेल्या शाखेत आधी विचारून भरणे हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग. पेटीतल्या प्रूफ नाण्यांना हा हिशेब लागू नाही. ती चांदीच्या भावाने विकायची असतात, आणि एकाच दिवशी निदान दोन-तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय देऊ नयेत.

आम्ही पैसे ई-ट्रान्सफरने दिले होते, आणि समोरच्या खात्यात एकदा जमा झालेली अशी रक्कम बँक आपणहून उलटवत नाही. तरीही स्थानिक पोलिसांकडे आणि कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडे नोंद करावी, कारण एकाच माणसाविरुद्धच्या वेगवेगळ्या नोंदी तिथे एकत्र जोडल्या जाऊ शकतात. आमच्या बाबतीत पहिली तक्रार झाली तेव्हा पोलिसांनी तो ‘अपेक्षाभंग झालेला व्यवहार’ मानला होता; मध्यस्थाच्या फोनचे तपशील आणि नाण्यांची यादी शेजारी ठेवल्यावरच त्यांनी ती फसवणूक म्हणून नोंदवली. त्यामुळे विक्रेत्याचे संदेश, त्याने पाठवलेली विक्रीपत्रकांची छायाचित्रे, ट्रान्सफरची पावती आणि नाकारणाऱ्या शाखेचे लेखी उत्तर, यांतले काहीही पुसू नये. ऑन्टॅरिओत राहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की दिवाणी दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे फसवणूक लक्षात आल्यापासून दोन वर्षांची असते, आणि विक्रेत्याच्या गोड दिलगिऱ्यांमध्ये त्यातले कित्येक महिने सहज निघून जातात.