बोका की रिव्हर? ब्वेनोस आयरेसमध्ये एकच दिवस हाताशी असेल तर

दोन्ही फुटबॉल क्लब जन्मले बंदराकाठच्या ला बोका वस्तीत. रिव्हर प्लेट 1901 मध्ये, बोका ज्युनियर्स 1905 मध्ये. पुढे रिव्हरने शहराच्या उत्तरेकडे, सुखवस्तू भागात बस्तान हलवलं आणि 1930 च्या दशकात महागडे खेळाडू घेतल्यावर ‘मिलोनारिओस’ म्हणजे लक्षाधीश हे नाव चिकटलं. बोका तिथेच राहिला.

बोकाचं स्टेडियम ‘बोंबोनेरा’ 1940 चं. नावाचा अर्थ चॉकलेटचा डबा. जागा इतकी तोकडी की एक बाजू जवळजवळ भिंतीसारखी उभी आहे, बाकीचे स्टँड अंगावर आल्यासारखे चढतात. निळा-पिवळा रंग बंदरात आलेल्या स्वीडिश जहाजाच्या झेंड्यावरून घेतला, असं सांगतात. लाल-पांढरा रंग कट्टर प्रतिस्पर्धी रिव्हरचा, म्हणून इथे कोका-कोलाची पाटीसुद्धा काळी-पांढरी केली होती! संग्रहालय स्टेडियमातच आहे. बाहेर पडलात की रंगीबेरंगी कामिनितो गल्ली चालत गाठता येते. मात्र पर्यटकांचे रस्ते सोडून आत भटकू नका.

रिव्हरचं ‘मोन्युमेंताल’ 1938 चं. आता 80 हजारांहून जास्त प्रेक्षक मावतात. 1978 च्या विश्वचषकाची अंतिम लढत इथेच झाली, अर्जेंटिनाने नेदरलँड्सला 3-1 हरवलं. आणखी एक गंमत: 1957 मध्ये सिवोरी या खेळाडूला इटलीच्या युव्हेंटस क्लबला विकून आलेल्या पैशांतून घोड्याच्या नालेसारखं उघडं राहिलेलं स्टेडियम बंद करायला हातभार लागला, त्या स्टँडला त्याचंच नाव आहे. संग्रहालय मोठं आणि नीट मांडलेलं, इतिहास वाचत फिरणाऱ्यांसाठी हेच बरं.

माझं मत बोकाला. पण 2018 ची लिबेर्तादोरेस (दक्षिण अमेरिकेतली क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा) फायनल रिव्हरने बोकाला हरवून जिंकली, हे तिथे मोठ्याने बोलू नका.