बंगल्यासाठी कर्दळीचा वाफा: पैसे फुलांचे की खडीचे?

बंगले आणि फार्महाऊससाठी सांडपाणी स्वच्छ करणारे वाफे बांधून देणारे ठेकेदार जो संच विकतात, तो थोड्याफार फरकाने सारखाच असतो: गाळ बसायची टाकी, खडीचा वाफा, त्यात कर्दळ आणि शेवटी साठवण टाकी. तंत्र पारखलेलं आहे. जर्मनीत केटे झायडेल यांनी 1950च्या दशकात पाणवनस्पतींवर असे प्रयोग सुरू केले, आपल्याकडे नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने याच धर्तीचं 'फायटोरिड' तंत्र विकसित केलं. घोळ होतो तो बांधणीत.

माहितीपत्रकात लाल-पिवळी फुलं दिसतात आणि गिऱ्हाईक झाडं मोजत बसतं. पाण्यातली घाण खातात ते खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू. झाडं त्यांना आधार देतात, मुळांपाशी थोडा ऑक्सिजन सोडतात आणि नत्र-स्फुरदाचा लहानसा वाटा उचलतात. दर पाहताना म्हणूनच आधी खडीचं माप विचारा.

हिशेब सोपा आहे. पाच माणसांच्या घरातून न्हाणी, बेसिन आणि कपड्यांचं मिळून रोज 500 लिटर पाणी धरा. ते वाफ्यात तीन दिवस थांबायला हवं, म्हणजे 1,500 लिटर. खडीत पोकळी साधारण 40 टक्के, म्हणून खडी पावणेचार घनमीटर. पाण्याची खोली अर्धा मीटर ठेवली तर जागा साडेसात चौरस मीटर लागते. याच घराला कुणी तीन चौरस मीटरमध्ये 'बसवून देतो' म्हणाला, तर पाणी सव्वा दिवसात बाहेर पडणार. त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

खडी 10 ते 20 मिमीची, दोन्ही टोकांना हातभर रुंदीत 40 ते 80 मिमीचे दगड. ती धुतलेली हवी, आणि नेमकी इथेच चालढकल होते. क्रशरवरून आलेल्या खडीला चिकटलेली कच तळाशी जाऊन बसते, पाणी वरच्या थरातूनच पळतं. ओळखायची खूण अशी: पाणी शिरतं त्या टोकाला खडी वीतभर उकरा. दगडाला पातळ बुळबुळीत थर असणं ठीक. पण काळा चिखल आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, वर पाणीही साचलेलं दिसलं, तर तोंड तुंबलंय. मग तेवढा पट्टा काढून धुण्याला पर्याय नाही.

तुंबण्याचं मूळ बहुधा वाफ्याआधीच्या गाळाच्या टाकीत असतं. स्वयंपाकघराचं पाणी घेणार असाल तर वेगळा तेलसापळा लागतोच. कढईचं तेल आणि भाताची पेज थेट खडीत गेली की वर्षभरातही वाफा तुंबू शकतो. संडासाचं पाणी घ्यायचं तर आधी नीट चालणारी सेप्टिक टाकी हवी आणि जागाही जास्त. लहान प्लॉटवर त्या फंदात पडू नये.

या संचातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचा भाग म्हणजे बाहेर जाणाऱ्या पाइपाचा फिरता एल्बो, म्हणजे काटकोनी जोड. तो वळवून पातळी खालीवर करता येते. पाणी खडीच्या माथ्याखाली 5 ते 10 सेंमी असलं की डास नाहीत, वासही नाही. लागवडीच्या वेळी पातळी माथ्याजवळ ठेवायची, कोंब धरले की हळूहळू उतरवायची. मुळं पाण्यामागे खाली जातात. एल्बो सिमेंटने पक्का केलेला दिसला तर काम घेऊ नका.

झाडांत कर्दळच बरी: चौरस मीटरला तीन-चार गड्डे, वर्षातून दोन-तीनदा छाटणी. छाटलेलं वाफ्यातच कुजू दिलं तर उचललेलं नत्र परत पाण्यात. पाणकणीस चालतं, पण लहान वाफ्यात आवरत नाही. नळ या उंच गवताचे टोकदार कोंब पातळ प्लास्टिकचं अस्तर फोडतात. पाण्यावर तरंगणाऱ्या जलपर्णीचं नाव काढणाऱ्याला खडीच्या वाफ्याचं काही कळत नाही. शेवटाकडची कर्दळ पिवळट आणि तोंडाकडची रसरशीत असेल तर घाबरू नका, पुढे खाणं कमी पोचतं एवढंच.

मे महिन्यात झाडंच बरंच पाणी पितात, बाहेर येणारी धार बारीक होते. ही गळती नव्हे. पावसाळ्यात छताचं पाणी मात्र वाफ्यात येऊ देऊ नका.

बाहेर पडणारं पाणी नितळ दिसलं तरी जंतुमुक्त नसतं. फळझाडांना, फुलझाडांना आळ्यात द्यावं. तुषार सिंचन आणि कोथिंबीर-पालक टाळावेत. फ्लशला वापरायचं तर क्लोरीन हवंच. अॅसिड आणि फिनाइल सढळ हाताने ओतणाऱ्या घराने हा वाफा घेऊच नये, जिवाणू मरतात.

करार करताना गाळ उपसणं कुणाकडे ते लिहून घ्या. छाटणी माळी करतो, टाकीत मात्र कुणी हात घालत नाही.