प्लेयर्स हँडबुक २०१४: कौल झकास, प्रवास फुसका

टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचं ‘प्लेयर्स हँडबुक’ २०१४ साली आलं. त्यातले क्लास (पात्रांचे प्रकार) आणि लढाई यांवर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय, त्यात मी भर घालत नाही. मी बघणार आहे ते दोनच गोष्टींकडे: लपलेलं किंवा पुढचं सांगणारे स्पेल म्हणजे मंत्र, आणि एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेणारे स्पेल. मी कायम डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी व्यक्ती) असते आणि मेहनतीने रचलेल्या कॅम्पेनचा, म्हणजे लांबलचक कथेचा फज्जा उडतो तो याच दोन गटांमुळे. फायरबॉलने फार तर चार गॉब्लिन मरतात.

आधी कौल. ऑग्युरी दुसऱ्या लेव्हलचा, वर रिचुअल, म्हणजे मिनिटाचा मंत्र आणखी दहा मिनिटं लांबवायची तयारी असेल तर स्लॉटही (मंत्र टाकायची रोजची मोजकी संधी) जात नाही. पुढच्या अर्ध्या तासात आम्ही अमुक करणार आहोत, काय होईल, एवढंच विचारायचं. उत्तरं चारच: शुभ, अशुभ, दोन्ही, किंवा धड काहीच नाही. पण खरी गंमत पुढच्या नियमात आहे. लाँग रेस्ट (रात्रभराची झोप) घ्यायच्या आत पुन्हा कौल लावला तर उत्तर भलतंच निघण्याची शक्यता २५ टक्के, तिसऱ्यांदा लावला तर ५०. फासा डीएमने गुपचूप टाकायचा. म्हणजे खेळाडूला ‘नको’ म्हणावंच लागत नाही. विचार बाई हवं तितकं, विश्वास ठेवायचा का ते तू बघ.

आमच्या टेबलावर क्लेरिकने (पुजारी पात्राने) एका बंद दारापुढे हाडं टाकली. मी म्हटलं, “दोन्ही.” झालं. रोग (चोराचं पात्र) म्हणाला, “म्हणजे आत खजिना आहे आणि सापळा पण.” फायटर म्हणाली, “अगं, कैदी असेल आणि त्याच्याबरोबर पहारेकरी.” क्लेरिकला पुन्हा विचारायची खुमखुमी आली, तर बार्डनेच (गवयाने) तिचा हात धरला, “आता विचारलंस तर खोटं निघेल.” मी चहाचा कप हातात धरून नुसती ऐकत होते. एका शब्दाच्या उत्तरावर टेबल इतकं पेटतं, याचं श्रेय मी बिनदिक्कत नियम लिहिणाऱ्यांना देते.

चौथ्या लेव्हलचा डिव्हिनेशन मात्र डीएमला घाम फोडतो. २५ गोल्डचा धूप आणि नैवेद्य संपतो, सात दिवसांच्या आत घडणाऱ्या गोष्टीबद्दल एक प्रश्न विचारता येतो, आणि उत्तर खरं द्यावं लागतं: एखादं छोटं वाक्य, कोड्यासारखी कविता किंवा शकुन. आता ऐन खेळात यमक जुळवायचं म्हणजे काय? पुस्तक याबद्दल चकार शब्द काढत नाही. मी सेशनच्या आधी दोन-तीन ओळी वहीत लिहून ठेवते. एकदा हे दिलं होतं:

“दार दिसत नाही जिथे, पाणी तिथेच खोल;
राजाच्या मुकुटाहून चाकराला मोल.”

सगळा दरबार सोडून पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) थेट पाणक्याच्या मागे लागली, आणि ते बरोबरच होतं. डिव्हिनेशनची भीती वाटणाऱ्या डीएमना माझं म्हणणं हेच: तुम्हाला जी माहिती कशीतरी खेळाडूंपर्यंत पोचवायचीच असते, ती ते स्वतःच्या खिशातले पैसे मोजून मागायला आलेत. देऊन टाका की.

कम्यूनमध्ये हो-नाहीचे तीन प्रश्न, काम चोख, पण टेबलावर जरा कोरडा वाटतो. काँटॅक्ट अदर प्लेनमध्ये पाच प्रश्न मिळतात, पण आधी १५ डीसीचा इंटेलिजन्स सेव्ह, म्हणजे बुद्धीच्या जोरावर फाशाने निदान १५ गाठून वाचायचं. हुकला तर ६डी६ (सहा बाजूंचे सहा फासे) सायकिक डॅमेज, म्हणजे मनाला इजा, आणि लाँग रेस्टपर्यंत डोकं ठिकाणावर नाही. विझर्ड (जादूगार) खेळणाऱ्यांना असला जुगार फार आवडतो.

या गटातला सगळ्यात नीट घडवलेला स्पेल म्हणजे पाचव्या लेव्हलचा, लांबच्या माणसाला बघायचा स्क्राइंग. हजार गोल्डचा आरसा किंवा तत्सम वस्तू लागते, आणि ज्याला बघायचंय त्याला विस्डम सेव्ह मिळतो. त्याच्याबद्दल नुसतं ऐकून असाल तर त्याच्या सेव्हला ५ ची मदत, चांगलं ओळखत असाल तर ५ ची वजाबाकी. चित्र हाताशी असेल तर आणखी २ वजा, त्याची वस्तू असेल तर ४, आणि केस किंवा नखाचा तुकडा असेल तर तब्बल १०. एवढ्या छोट्या यादीतून आख्खं साहस उभं राहतं. आमच्या लोकांनी एका सरदाराचे केस मिळावेत म्हणून त्याच्या न्हाव्याशी आधी दोस्ती केली, मग भांडण. सेव्ह जमला की त्याच्यावर चोवीस तास पुन्हा स्क्राइंग नाही, तेही रास्त.

जुन्या खेळाडूंना आठवत असेल, २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत क्षणात दुसरीकडे नेणारा टेलिपोर्ट पाचव्या लेव्हलचा होता. (स्पेलची लेव्हल वेगळी, पात्राची वेगळी.) नवव्या लेव्हलचा विझर्ड आरशात खलनायक बघायचा, सगळ्यांवर संरक्षणाचे मंत्र चढवायचा आणि पार्टीला थेट त्याच्या शयनगृहात उतरवायचा. ‘स्क्राय अँड डाय’ म्हणत त्याला. पाचव्या आवृत्तीने टेलिपोर्ट सातव्या लेव्हलवर नेला, म्हणजे तो विझर्डला स्वतःच्या तेराव्या लेव्हलला हाती येतो. स्क्राइंग नवव्यालाच. मधल्या चार लेव्हल डीएमला श्वास घेता येतो.

टेलिपोर्टचं कोष्टकही मला आवडतं. अगदी ओळखीच्या जागीसुद्धा शंभरात पाच वेळा घोटाळा होतो, आणि नुसत्या वर्णनावरून निघालात तर शंभरात त्रेचाळीस वेळा. घोटाळा म्हणजे प्रत्येकाला ३डी१० फोर्स डॅमेज आणि कोष्टकावर पुन्हा फासा. यातून सुटायचं तर त्या जागेतून गेल्या सहा महिन्यांत आणलेली वस्तू हवी, नाहीतर कायमस्वरूपी टेलिपोर्टेशन सर्कलच्या (जादूच्या वर्तुळाच्या) खुणांचा क्रम ठाऊक हवा. म्हणून मी खजिन्यात सोन्याऐवजी असे क्रम ठेवते. खेळाडू ते जिवापाड जपतात.

मग प्रवासाला फुसका का म्हटलं? कारण टेलिपोर्ट यायच्या कितीतरी आधीच रस्ता मेलेला असतो. पहिल्या लेव्हलचा गुडबेरी एका स्लॉटमध्ये दहा बेऱ्या देतो आणि एका बेरीवर माणूस दिवस काढतो. आउटलँडर (रानावनात वाढलेला) पार्श्वभूमीचा माणूस स्वतःसह आणखी पाच जणांना रोज खायला-प्यायला शोधून आणतो, जमीन अगदीच ओसाड नसली म्हणजे झालं. रेंजर आपल्या आवडत्या प्रदेशात जादू सोडून कशानेच वाट चुकत नाही. म्हणजे जंगलात फिरण्यात जो पारंगत, तो बरोबर आला की जंगलातला खेळच संपतो. असला रेंजर काय कामाचा? त्यावर कळस म्हणजे लिओमंड्स टायनी हट: तिसऱ्या लेव्हलचा रिचुअल, आठ तास अभेद्य घुमट. पात्रांच्या पाचव्या लेव्हलनंतर रात्रीच्या हल्ल्याला अर्थ उरत नाही. कौलाच्या स्पेलना जशी किंमत आणि अनिश्चितता चिकटवली तशी इथे कुणाला सुचली नाही, आणि पुस्तकाचा सगळ्यात मोठा दोष मला हाच वाटतो. मी गुडबेरीसाठी मिसलटोची ताजी फांदी खर्च करायला लावते, तेवढ्यानेही फरक पडतो. २०२४ च्या नव्या हँडबुकात आउटलँडर नाही, ते बरंच झालं.

दुसरी तक्रार मांडणीची. या सगळ्याला तोडगे पुस्तकातच आहेत: कौलाच्या स्पेलपासून लपवणारे नॉनडिटेक्शन आणि प्रायव्हेट सँक्टम, टेलिपोर्ट अडवणारा फॉरबिडन्स, वस्तू शोधणाऱ्या लोकेट ऑब्जेक्टला थोपवणारा शिशाचा पातळ पत्रा. पण ते आद्याक्षरांप्रमाणे विखुरलेत. एका पानावर असते तर नवखे डीएम दर खलनायकाच्या घराला सरसकट शिसं मारत सुटले नसते. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीने हे सरळ सोडवलंय. तिथे टेलिपोर्ट आणि स्क्राइंग ‘अनकॉमन’ आहेत, जीएमने (तिथल्या डीएमने) होकार दिल्याशिवाय मिळत नाहीत. शिवाय टेलिपोर्ट टाकायलाच दहा मिनिटं लागतात. मला ही पद्धत जरा रुक्ष वाटते, पण नवीन माणसाने जीएम व्हायचं ठरवलं तर मी तेच नियम आधी वाचायला सांगेन.

माझे गुण: कौलाला पाचपैकी साडेचार, प्रवासाला अडीच. नुसत्या या स्पेलसाठी पुस्तक विकत घेऊ नका. वर नावं घेतलेले पाचव्या आवृत्तीचे सगळे स्पेल एसआरडी ५.१ (नियमांचा मोकळा संदर्भ-दस्तऐवज) मध्ये फुकट वाचता येतात, २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या परवान्याखाली. आउटलँडर तेवढा त्यात नाही, आणि त्याची उणीव कुठल्याही डीएमला भासणार नाही.