क्रूसेडर तोफेतील लेसर प्रज्वलन: एक परीक्षण

अमेरिकी लष्करासाठी विकसित होत असलेली 155 मिलिमीटरची क्रूसेडर हॉवित्झर मे 2002 मध्ये संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी रद्द केली आणि तिच्यातील लेसर प्रज्वलन प्रणालीही, म्हणजे गोळा फेकणारी दारू लेसरने पेटवणारी यंत्रणाही, तिच्याबरोबर मागे पडली. माझ्या मते त्या तोफेतील सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग हाच होता, म्हणून त्याचे परीक्षण स्वतंत्रपणे व्हायला हवे.

एम-109 सारख्या अमेरिकी स्वयंचलित वाहनावरील तोफेत प्रत्येक बाराला ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या बंद होणाऱ्या टोकात, काडतुसासारखा नवा प्रायमर (दारू पेटवणारी छोटी कळ) बसवावा लागतो. फायरिंग पिन त्यावर आपटली की त्यातील संवेदनशील मिश्रण पेटते आणि ज्वाळा एका अरुंद छिद्रातून मुख्य दारूपर्यंत पोहोचते. हे छिद्र काजळीने बुजते आणि वापरलेला प्रायमर कधी अडकूनही बसतो. तोफेपाशी माणूस उभा असेल, तर ही अडचण हाताने दूर करता येते. क्रूसेडरमध्ये मात्र तिघांचे पथक पुढच्या बंदिस्त कक्षात बसणार होते, गोळा आणि दारू यंत्रानेच भरली जाणार होती आणि मिनिटाला 10 ते 12 गोळे डागण्याचे उद्दिष्ट होते. अशा तोफेत प्रायमर ही सर्वांत कच्ची कडी ठरते आणि लेसरने नेमकी तीच काढून टाकली.

ब्रीचमधील कृत्रिम नीलमण्याच्या छोट्या खिडकीतून प्रकाशाचे स्पंद दारूच्या मॉड्यूलमधील (ठरावीक मापाच्या दारूच्या गठ्ठ्यातील) प्रज्वलकावर पडतात, तेथील पृष्ठभाग क्षणात तापतो आणि पेट घेतो. प्रत्येक बाराला खर्च होणारा सुटा भाग उरत नाही, आघाताने उडणारे मिश्रण तोफेजवळ बाळगावे लागत नाही आणि डागण्याचा क्षण थेट संगणकाच्या हाती येतो. या तिन्ही बाबतींत प्रणालीला मी निःसंकोच पूर्ण गुण देईन.

खरी परीक्षा खिडकीची आहे. पूर्ण दारूच्या बाराला तिला 300 मेगापास्कलहून अधिक दाब आणि पोलाद वितळवू शकेल इतके तापलेले वायू सोसावे लागतात, शिवाय त्यांतील काजळी तिच्यावर बसते; खिडकी पुरेशी धुरकटली की प्रज्वलकापर्यंत पोहोचणारी ऊर्जा घटते आणि बार उशिरा उडण्याचा किंवा न उडण्याचा धोका वाढतो. म्हणजे छिद्र साफ करण्याचे काम गेले, पण खिडकी साफ राखण्याचे आले. दुसरी उणीव विजेवर अवलंबून राहण्याची आहे: दोरी ओढून फायरिंग पिन चालवणाऱ्या जुन्या यंत्रणेला वीज लागत नाही, लेसरला मात्र ती लागतेच.

जर्मनीच्या पीझेडएच 2000 तोफेत प्रायमर ब्रीचमधील साठ्यातून यंत्रानेच बसवला जातो, म्हणून प्रायमर हाताने बसवणे टाळण्याचा लेसर हा एकमेव मार्ग नाही. तरीही पूर्ण स्वयंचलित तोफ घडवणाऱ्याने लेसरचा विचार अवश्य करावा. मात्र चाचणीत पहिल्या बाराच्या अचूकतेपेक्षा सलग माऱ्यानंतर खिडकीतून किती प्रकाश पार होतो, हे आधी मोजावे.