मासळीचं टाकाऊ: वाळवून भुकटी की ड्रममध्ये सायलेज?

कोल्हापूर भागात शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडणाऱ्याचं गणित बिघडतं ते खाद्यावर. शेंगपेंड आणि भाताच्या कोंड्यावर मासा जगतो, पण पेंडेत लायसिन, मिथिओनिन ही प्रथिनांतली गरजेची अमिनो आम्लं कमी पडतात. ती उणीव मासळीच भरून काढते. बाजारातलं टाकाऊ आणून खाद्य करायचं म्हटलं तर वाटा दोन: वाळवून केलेली भुकटी, नाहीतर आम्लात मुरवून केलेलं पातळ सायलेज.

भुकटी ठेवायला आणि पेंडेत मिसळायला सोपी. चांगल्या कारखानी भुकटीत ५५ ते ६५ टक्के प्रथिनं असतात. डोकी-काट्यांची घरगुती भुकटी तेवढी भरत नाही, तिच्यात राख, म्हणजे हाडांतले क्षारच जास्त. शिवाय ओल्या टाकाऊत पाऊणएक भाग पाणी. १०० किलो आणलं तर हाती २०-२५ किलो लागतं. हे पाणी उडवायला ड्रायर हवा, नाहीतर ऊन. गगनबावडा-राधानगरीकडे पावसाळ्यात उन्हाचं नाव काढू नका. आणि उन्हाळ्यात माशाची आतडी अंगणात वाळत घातलीत, तर शेजारी ग्रामपंचायत गाठणार हे धरून चाला.

सायलेजला ऊन लागत नाही. टाकाऊ ताजं असतानाच बारीक दळायचं, प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरायचं (पत्र्याचा ड्रम आम्ल खाऊन टाकतं), वजनाच्या साधारण ३ टक्के फॉर्मिक आम्ल घालायचं आणि रोज लाकडी दांड्यानं तळापासून ढवळायचं. सामू (pH) ४ च्या खाली आला की सडवणारे जीवाणू थांबतात आणि माशाच्या पोटातलीच पाचकद्रव्यं मांस विरघळवतात. गरम दिवसांत आठवड्याभरात कढीइतकं पातळ होतं. वास आंबट हवा; नाकाला झोंबणारा अमोनियाचा आला तर तो ड्रम गेला. कोल्हापूरकर डोकी रश्श्यासाठी घरी नेतात. बाजारात उरतात ती आतडी, कल्ले, खवले. भुकटीवाल्याला हा माल हलका वाटेल, सायलेजला आतडीच हवीत.

फॉर्मिक आम्ल कातडी भाजतं, डोळ्याला तर फार वाईट. हातमोजे-चष्म्याशिवाय त्याला हात लावू नका. ही कटकट नको असेल त्याने काकवी वापरावी: १० ते १५ टक्के काकवी, विरजणाला थोडं दही, झाकण घट्ट. साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं आणि तेच काम भागतं. गुऱ्हाळावरची खराब झालेली काकवी यात खपते. साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस) स्वस्त, पण तिला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो.

सायलेजची खोट म्हणजे पाणी. किलोमागे प्रथिनं जेमतेम १५ टक्के. रत्नागिरीहून आंबा घाटानं ते ओढून आणणं म्हणजे पाण्याचं भाडं भरणं; तिकडून मागवायचंच तर वाळलेली भुकटी मागवा. वर तरंगणारं तेल काढून टाका, ते खवट होतं. रोहूचं टाकाऊ रोहूलाच घालू नका, रोगाची साखळी तुटत नाही. समुद्री मासळीचं घ्या.

माझं मत: शहराजवळ एक-दोन तळी असतील तर काकवीचं सायलेज, कोंडा-पेंडेत मळून गोळे करून. तळी जास्त असतील तर भुकटी विकत घ्या, घरी करण्याच्या भानगडीत पडू नका. बोटुकल्यांना (बोटाएवढ्या पिल्लांना) मात्र तयार बारीक दाणाच बरा. जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा टाकाऊही आटतं. दोन महिन्यांचे ड्रम मे महिन्यातच भरून ठेवा.